काणुं

अर्ज सतरा पानांचा, पाच प्रतींत.
पहिल्याच पानावर चार चौकटी :
संशोधन, नेतृत्व, शिक्षण, संप्रेषण.
खाली बारीक टाइपात, एकाच चौकटीत खूण करावी.

डीन म्हणाले, मॅडम, यंदा नाही म्हणू नका,
निवृत्तीला दहा महिने राहिलेत,
दिल्लीहून पदक आलं तर विभागाला नवं छत मिळेल.
मी खूण केली. पेन्सिलीने.

पंख्याखाली कागद फडफडतात.
त्यांच्यावर ठेवलंय पितळी वजन, दोनशे ग्रॅम,
ज्याने आता कुणी काही तोलत नाही.

रकाना नऊ :
कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष.
तीनशे शब्दांत.

एक्क्याण्णव साली मला वाटलं होतं
कच्छची माती श्वास सोडते.
हवा उपसून रिकाम्या केलेल्या काचनळ्यांत
चिमूटभर माती, आणि पारा रोज रात्री
केसाएवढा सरकायचा.
आठ महिने मी तो केस मोजला.
माझ्याही डोक्यातला पहिला पांढरा
त्याच हिवाळ्यातला.

लेख स्वीकारला गेला.
परदेशी तिकिटाचं पाकीट आईने
दांडिया बाजारच्या घरात देवापुढे ठेवलं,
हळदीचा डाग पडला त्याच्यावर.
विभागात सगळ्यांना शेव-उसळ दिली मी, जास्तीचा रस्सा घेऊन.

रमणिकभाई पंचाल तेवढे आले नाहीत.
ते काच फुंकायचे, तळघरात,
गालांत कायम थोडी हवा ठेवून बोलायचे,
जणू पुढचा फुगा अजून व्हायचाय.
संध्याकाळी वर आले, दिवे मालवले,
आणि ठिणगीचं यंत्र काचेवरून फिरवत राहिले
आजारी मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं.
निळी रेघ भटकली, भटकली,
मातीच्याच बाजूच्या जोडापाशी
एकदम टोक काढून आत शिरली.

"बेन, आमां काणुं छे."

त्यांच्या भाषेत काणुं म्हणजे छिद्र.
माझ्या भाषेत काणा म्हणजे ज्याला एकच डोळा.
मला दोन्ही ऐकू आलं.

मग म्हणाले, जोड माझाच आहे, मार्चमधला.
रात्रीतून ज्योत लावून बुजवला असता
तर कुणाला कळलं असतं?
माती एकाएकी गप्प झाली असती,
मी त्यावर दुसरा लेख लिहिला असता.

रावपुऱ्याच्या पोस्टातून तार केली,
छापू नका.
शब्दाशब्दाला पैसे पडत होते,
कारण लिहिलं नाही.
आईला सांगायला मात्र पुष्कळ शब्द लागले.
ती पाकिटाकडे बघत म्हणाली, मग हे उचलू का तिथून?

नंतरचं सगळं यादीत आहे :
एकशे चार लेख, एकोणीस विद्यार्थी, दोन पेटंट,
आकाशवाणीवरची बावीस भाषणं.
प्रत्येकाच्या आधी मी दिवे मालवले होते,
हे मात्र कुठल्या रकान्यात भरायचं?

कारेलीबागेत फोन लावला.
रमणिकभाई, तुमचं पूर्ण नाव कसं लिहू?
पलीकडे टीव्ही, नातू, कुकरची शिट्टी.
"का, पेन्शनमां पाछी भूल आवी?"
नाही हो, अर्ज आहे. पुरस्काराचा.
"कोनो?"
मला पटकन सांगता येईना.

चारशे वेळा खोडून, शेवटी शाईने लिहिलं :
एक छिद्र. सुईच्या टोकाहून लहान.
शोधणारे : श्री. रमणिकलाल छगनलाल पंचाल,
ज्यांनी ते केलंही होतं.
दोनशे एकाऐंशी शब्द उरले, राहू दिले.

खाली सूचना आहे, पुरावा जोडावा.

खालच्या ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या डबीमागे,
रुमालात गुंडाळलेला तो आहे :
जोडच.
उजेडाकडे धरला तर काहीच दिसत नाही,
अगदी स्वच्छ काच.
ओठांशी धरून फुंकला
तर बोटाला थोडी हवा लागते.